नक्कीभाऊचा पांढरा दोरा

नक्कीभाऊ हे नाव त्याला गल्लीनं ठेवलं आणि त्यानं ते मुकाट्यानं घेतलं. नको म्हणायलाही थोडं धाडस लागतंच की! धंदा म्हणाल तर आडवे पडलेले कॉम्प्युटर उभे करण्याचा. कुणाचं मशीन सुरू होईना, कुणाला नवी सिस्टीम टाकून हवी, की हा गळ्यात पेनड्राइव्हचा जुडगा अडकवून दारात हजर. पण कीबोर्डला बोट लावण्याआधी विचारणार, "फोटोबिटो सगळं दुसरीकडे काढून ठेवलंय ना? नक्की?" गिऱ्हाईक हो म्हणालं, की पुन्हा, "म्हणजे मी पुसू आता? नक्की?" तिसऱ्या 'नक्की'ला गिऱ्हाइकाचाच धीर सुटायचा आणि ते "थांबा हो, आईला विचारून येतो" म्हणत आत पळायचं. त्याची बायको तर सांगते, "मला पसंत केल्यावरसुद्धा यांनी 'नक्की?' विचारलं होतं. मी हो म्हणाले. अजून निस्तरतेय."

हा भितो कशाला, असं विचारण्यापेक्षा कशाला भीत नाही ते विचारावं. कुत्र्याला भितो, लिफ्टला भितो, दाराची बेल वाजली की बायकोला पुढे करतो. पण या सगळ्यांच्या डोक्यावर पाय देऊन उभी आहे ती त्याची थोरली बहीण, अक्का.

अक्काचं दुकान कोपऱ्यावर. ती बूट शिवते, पण तुमच्या-आमच्यासारख्या सरळ पायांचे नव्हेत. कुणाचं पाऊल आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच जमिनीला टेकतच नाही; अशा पायांना कुठल्याच दुकानात माप नसतं, ते अक्काकडे येतात. ती जाड कागदावर पाय ठेवायला लावते, भोवतीनं पेन्सिल फिरवते, कुठं दुखतं, कुठं दाबतं, तिथं खुणा करते. बोलते कमी. कारण ओठात कायम चुके, म्हणजे तळ ठोकायचे बारीक खिळे, धरलेले असतात. त्यामुळे ती बोलली तरी दातांतून बोलते, आणि साधं "चहा घे" म्हटलं तरी धमकी दिल्यासारखं वाटतं. या धंद्यात ती पडली ती भावामुळेच. नक्कीभाऊचं उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. पोरं चिडवायची, हा रडत घरी यायचा. शेवटी पोरवयातच अक्कानं जुन्या पिशवीचं चामडं कापून त्याला पहिला बूट शिवून दिला, आणि चिडवणाऱ्यांना दुसरा बूट फेकून मारला, असं म्हणतात.

तर एवढ्या वर्षांच्या पायांचे कागद दुकानात साठले होते. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना बुरशी लागली. नक्कीभाऊनंच सुचवलं, की सगळे स्कॅन करून कॉम्प्युटरात ठेव आणि कागद काढून टाक. अक्कानं चुके ओठात धरूनच विचारलं, "टाकू? नक्की?" आणि जन्मात पहिल्यांदा या पठ्ठ्यानं छाती काढून सांगितलं, "अगं, टाक बिनधास्त!"

पाय मशीनमध्ये गेले, कागद कचऱ्यात गेले, आणि त्यानंतर अक्काचं मशीन बंद पडलं.

सकाळी फोन आला. "काळा पडदा आहे. पांढरी अक्षरं आहेत. ये." एवढंच. नक्कीभाऊ चहा अर्धा टाकून निघाला. तो पोचला, दुकानभर चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास, मशीनच्या पोटातून 'टक… टक…' असा आवाज. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. त्यानं गळ्यातला जुडगा काढला. त्यातले पेनड्राइव्ह सगळे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, कारण दुसऱ्या कंपनीचा काय भरवसा? ओळखायला म्हणून दोरे बांधलेले. हिरवा दोरा, म्हणजे त्याच्यावरूनच मशीन तात्पुरतं चालू करायचं. लाल दोरा, म्हणजे नवी सिस्टीम टाकायची. पांढरा दोरा, म्हणजे रिकामा, लोकांचा माल ठेवायला. आणि दोऱ्यांहून मोठा त्याचा एक नियम: एका वेळी एकच पेनड्राइव्ह मशीनला लावायचा. काय पुसायचं हे ठरवताना पडद्यावर दोन नावं दिसताच कामा नयेत.

हिरव्यावरून मशीन चालू झालं. आतले पाय दिसले. मग हिरवा राहू द्यावाच लागतो, म्हणून तेवढा अपवाद करून त्यानं पांढरा लावला आणि एकेक फोल्डर उचलायला सुरुवात केली. अक्का मागं हातोडी चालवत होती, आणि कुठला ठोका डिस्कचा आणि कुठला हातोडीचा हेही त्याला कळेनासं झालं. शेवटचं फोल्डर उतरलं आणि थोड्याच वेळात डिस्कनं राम म्हटला. दगड झाली. पण पाय पांढऱ्या दोऱ्यात आले होते. सगळे.

"झालं?" अक्का म्हणाली.

"नवी डिस्क घालतो, सिस्टीम टाकतो, मग पाय परत आत. बस."

"बसचालक येणारे दुपारी. त्याचं माप लागेल."

नवी डिस्क घातली, लाल दोरा लावला, आणि सिस्टीम अर्ध्यावर येऊन अडकली. पेनड्राइव्हवरचीच एक फाइल खराब निघाली. ही काही मोठी आपत्ती नव्हे. घरी जायचं, लाल पेनड्राइव्ह पुन्हा भरायचा, परत यायचं. नक्कीभाऊ जाड तळाचा उजवा बूट आपटत लगबगीनं घरी आला आणि वाटेत त्याच्या डोक्यात भीतीनं अंडं घातलं: पाय एकाच ठिकाणी आहेत. एकाच! हा पेनड्राइव्ह गटारात पडला तर?

म्हणून आल्या आल्या त्यानं आपल्या लॅपटॉपला आधी पांढरा लावला. फोल्डर निवडलं, कॉपी म्हटलं. आता फक्त दुसरीकडे जाऊन चिकटवायचं, एवढ्यात फोन वाजला.

"बसचालक येऊन बसलाय," अक्का दातांतून म्हणाली. "एक पाय उघडा टाकून बसलाय. किती वेळ?"

"आलोच, अक्का, आलोच."

आणि त्या 'आलोच'च्या घाईत त्यानं पांढरा न काढताच शेजारी लाल खुपसला. पेनड्राइव्ह भरायचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर दोन नावं, एकाखाली एक, जुळ्या भावांसारखी. एकच कंपनी, एकच माप. त्यानं वरचं निवडलं. खिडकी उघडली: यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? हीच खिडकी त्यानं इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिली होती, की ती आता त्याला दिसतच नव्हती. साऱ्या गावाला तीन-तीनदा 'नक्की?' विचारणारा माणूस. मशीननं त्याला एकदाच विचारलं, आणि त्यानं न वाचता 'हो' दाबलं.

हिरवी पट्टी सुळसुळत पुढे गेली. काम झालं. त्यानं लाल दोरा उपसला, सवयीनं पुन्हा लावून तपासला. आत तीच जुनी खराब फाइल, जशीच्या तशी.

मग भरलं काय?

त्यानं पांढरा उघडला. आत नवीकोरी, सुबक, टवटवीत सिस्टीम. पाय एकही नाही.

दोरा माणसाला दिसतो हो. मशीनला कुठं दिसतो?

आणि दुसरी कॉपी? ती त्यानं उचलली होती, चिकटवली नव्हती. हातात घेतलेला घास तोंडात जायच्या आधीच ताट उलटलं होतं. नक्कीभाऊला दिसायला लागलं: अक्का तोंडातले चुके काढतेय. ती फार चिडली की एवढंच करते, चुके काढून ठेवते. लहानपणी तिनं तसं केलं की वडीलसुद्धा अंगणात निघून जायचे.

बायको आत आली तेव्हा तो खुर्चीत नव्हता, खुर्चीमागं उभा होता, जणू लॅपटॉप चावेल.

"काय झालं?"

"व्हायरस आला म्हणून सांगू?"

"कुणाला?"

"अक्काला."

बायकोनं पडदा पाहिला, मग त्याचा चेहरा पाहिला आणि पदराला हात पुसले. "अहो, वन्सं तुमचं खोटं दारातूनच ओळखतात. तुम्ही खोटं बोलताना डाव्या पायावर उभे राहता. परत येतंय का काही ते बघा आधी."

त्या एका वाक्यानं त्याचं डोकं ताळ्यावर आलं. नवी सिस्टीम थोडी जागा खाते. पेनड्राइव्ह मोठा. नवीन माल पुढच्या बाजूला बसला असेल, मागं जुनं अजून पडलेलं असेल, फक्त नावपट्ट्या गेल्या असतील. आता त्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. त्यानं गेलेल्या फाइली हुडकणारा प्रोग्राम चालू केला आणि देवासमोर उभं राहावं तसा हात जोडून पडद्यासमोर उभा राहिला. तो प्रोग्राम निवांत. त्याला काय घाई!

फोन पुन्हा वाजला. त्यानं उचलला नाही. मग बायकोचा वाजला. तिनं उचलला, "हो वन्सं, निघालेच ते," म्हणाली आणि ठेवला.

"निघालो? मी?"

"घेऊन चला ते जसंच्या तसं."

लॅपटॉपची एक खोड होती: झाकण मिटलं की झोपायचा. म्हणून नक्कीभाऊ तो उघडा, दोन्ही हातांवर आडवा धरून निघाला, काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसा. मागं बायको चार्जर घेऊन. वाटेत न्हावी दुकानातून ओरडला, "काय नक्कीभाऊ, कॉम्प्युटरला हवा खायला नेताय?" त्याला हसता येईना. कोपऱ्यावरचं कुत्रं उठून मागं लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कुत्र्याला घाबरला नाही. पुढ्यात जे होतं त्यापुढं कुत्रं म्हणजे सोबतच.

दुकानात बसचालक बाकावर उघडा पाय लांबवून बसला होता. अक्का पाठमोरी, ठोकत होती. नक्कीभाऊ उंबऱ्याशी थांबला.

"अक्का, पाय गेले."

हातोडी थांबली.

"म्हणजे… मी घालवले. चुकीच्या पेनड्राइव्हवर सिस्टीम टाकली. शोधतोय. थोडे येतील. किती येतील माहीत नाही."

अक्का वळली. तिनं एक चुका ओठातून काढला आणि पत्र्याच्या डबीत टाकला. टिंग. दुसरा. टिंग. बसचालकानं आपला पाय हळूच आत ओढून घेतला. नक्कीभाऊला वाटलं, डबी भरेपर्यंत आपण काही टिकत नाही.

तोंड रिकामं झाल्यावर ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "आणि कागद?"

"कागद टाक, असं मीच म्हणालो होतो."

"बिनधास्त म्हणाला होतास."

"हो."

मग बसचालक मान लांब करून पडद्याकडे बघत म्हणाला, "अहो, हे काय येतंय?"

पडद्यावर एक पाय आला होता. खाली नाव नाही, नुसता आकडा. मग दुसरा आला. मग रांगच लागली. बायकोनं पटकन स्टूल सरकवलं, नक्कीभाऊनं लॅपटॉप त्यावर ठेवला.

"नावं नाहीत, अक्का. कुणाचा कुठला, कसं कळणार?"

अक्कानं चष्मा वर सरकवला. "हा पोळीवाल्या बाईंचा. करंगळी बघ, रुसून बाजूला बसलीय. हा… हा कुणाचा? थांब, सांगू नकोस."

"मी कुठून सांगणार!"

"आणि हा बसचालक. टाचेवर ही खूण माझी."

"माझाच!" बसचालक खूश झाला. "काय देखणा आलाय हो!"

काही अक्काला ओळखू आलेच नाहीत. त्या लोकांना बोलावून उघड्या पायांनी कागदावर उभं करावं लागणार होतं. रांग संपली तशी ती पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली. मागं, पुढं, मागं.

"काय शोधतेस?" नक्कीभाऊनं विचारलं, आणि विचारता विचारता त्याच्या लक्षात आलं. पहिलं फोल्डर. पांढऱ्यावर सगळ्यात आधी उतरवलेलं. नवी सिस्टीम नेमकी त्याच्यावर जाऊन बसली होती. त्यात एकाच माणसाचा पाय होता, पोरवयापासून आजपर्यंतचा, दर वर्षीचा.

"तुझा गेला," अक्का म्हणाली.

त्याला वाटलं होतं आता ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, फळीवरून जाड कागद काढून जमिनीवर पसरला, पेन्सिलीला टोक केलं. "बूट काढ."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"मग काय, लिफ्टमध्ये?"

बसचालक खो-खो हसला. नक्कीभाऊनं जाड तळाचा बूट काढला, आत वळलेलं पाऊल कागदावर ठेवलं आणि बायकोचा खांदा धरला. अक्का गुडघ्यावर बसली.

"हलायचं नाही."

"नाही हलणार."

पेन्सिल कागदाला टेकवून तिनं वर पाहिलं. "नक्की?"

पेन्सिल टाचेकडून निघाली, आतल्या वळणावर आली, आणि पाय थरथरला. रेघ वेडीवाकडी उमटली. बायको म्हणाली, "वन्सं, खोडरबर देऊ?"

अक्कानं कागद उचलून दूर धरला आणि पाहिला.

"राहू दे," ती म्हणाली. "पुन्हा नाव उडालं, तरी हा कुणाचा ते कळेल."