साठावा दिवस

फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला तो सुक्या बोंबलाच्या चटणीचा. बाकीच्यांचे जॅम, सरबतं, सॉस असे सोवळे विषय. मी बोरिवलीतली मालवणी, आणि तेव्हा मला सगळंच येत होतं. "आईची चटणी पाकिटात साठ दिवस टिकवून दाखवते," असं सरांना छातीठोकपणे सांगून टाकलं. सर शाकाहारी. त्यांनी परवानगी दिली, पण वासापायी पाकिटं लॅबच्या कपाटात ठेवू देईनात, म्हणून ती आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिली.

दर पंधरा दिवसांनी वर्गातले दहा जण चटणी चाखायचे. एक ताजी, एक पाकिटातली. वाट्यांवर नुसते आकडे, कुठली कुठली ते मलाच ठाऊक. चाखताना बोलायचं नाही, मध्ये चूळ भरायची आणि कागदावर गुण लिहायचे. पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाकिटातलीला ताजीइतकेच गुण पडले. मी हवेत होते.

एकोणसाठाव्या दिवशी संध्याकाळी आई साबुदाणा भिजवताना दिसली.

"साबुदाणा कशाला?"

"उद्या अंगारकी मां गो!"

वाट लागली. माझ्या दहातले आठ जण संकष्टी धरणारे. भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असताना मी शहाणीने दिवस मोजले होते ते बोटांवर. चाखणाऱ्यांपैकी एक मैत्रीण शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. ती म्हणाली, "बुधवारी चाखू गं, तू साठ लिही. कोण विचारतंय यार?" मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण एकसष्टला साठ लिहायचे तर चार वर्षं मी शिकले काय? मला तिचा रागच आला, आणि त्याहून जास्त माझा.

ताजी चटणी मी त्याच संध्याकाळी करून ठेवली, कारण अंगारकीला आईने घरात बोंबील भाजू दिला नसता. सकाळी वाट्या, पाकिटं घेऊन होडीने गोराईची खाडी ओलांडली. आई जिच्याकडून बोंबील घ्यायची ती कोळीण मावशी पलीकडे राहायची. तिचा पाडा ख्रिस्ती, तिथे अंगारकीची अडचण नव्हती. मावशीने हाका मारून नऊ जणी जमवल्या आणि सगळ्या अंगणात बसल्या. न बोलण्याचा नियम मी दोनदा समजावला. तो पहिल्या चिमटीपर्यंत टिकला.

"ह्या वाटीतली खवट हाय," मावशी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. वाटी पाकिटातलीच होती.

"बोंबील खराब झाला?" मी वाटी ओढून नाकाशी धरली.

"बोंबलाला काय धाड भरलीय? तुझं खोबरं खवटलंय. आम्ही खोबरं खातेवेळी घालतो, भरून नाय ठेवत."

दोन महिने मी बोंबलातला ओलावा मोजत बसले होते. खोबऱ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मालवणी माणसाला खोबऱ्यावर संशय कसा येणार? होडीत बसल्यावर मला रडू आलं आणि मग हसू आलं.

रिपोर्टमध्ये मी पंचेचाळीस दिवस लिहिले, आणि कारणही लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "साठाव्या दिवशी चाखणारे बदलले. या बायकांना ट्रेनिंग कोणी दिलं?"

"सर, आमच्या वर्गाला दोन महिन्यांचं ट्रेनिंग होतं. त्या जन्मापासून बोंबील चाखतायत."

ते हसले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही फक्त खोबऱ्यातल्या तेलावर बोललो. इतकी मोकळी मी कुठल्याच परीक्षेत बोलले नव्हते.

घरी येऊन आईला ऐटीत सांगितलं, की आता चटणीतून खोबरं काढलं की झालं, साठ दिवस नक्की टिकेल. आई पोळी लाटत होती. तिने मान वर केली नाही.

"खोबरा काढलंस तर मगे टिकवूक रवला काय?"

अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.