आधी पट्टी टांगा

सोपानमामा मीटरपट्टी कुणाच्या हातात सरळ देत नसत. हडपसरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. मुलगा पट्टी मागायला आला की मामा आधी दोऱ्याचा फास पुढे करत, पट्टी त्यात सरकवायला लावत आणि ती आडवी, निश्चल राहीपर्यंत समोर उभे राहत. कुठली पट्टी ४९.४ वर राहायची, कुठली ५०.७ वर. तो आकडा मुलानं मोठ्यानं सांगायचा, मगच वजनं मिळणार. "आदी पट्टी टांगा," हे वाक्य ते एका दुपारी वीस-पंचवीस वेळा म्हणत, आणि तितक्या वेळा माझं डोकं उठत असे.

प्रयोग तसा साधाच. पट्टी मध्यावर टांगायची, दोन्ही बाजूंना वजनं अडकवायची आणि वजन गुणिले दोऱ्यापासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं येतं, हे दाखवायचं. लांबवरचं लहान वजन जवळच्या मोठ्या वजनाला तोलून धरतं. दोन्हीकडचा टॉर्क सारखा झाला म्हणायचं. अर्ध्या तासाचं काम. मामांच्या कृपेनं अख्खी दुपार जायची आणि पुढचा प्रयोग पुढच्या आठवड्यावर ढकलला जायचा.

"मामा, पट्टी शंभर सेंटिमीटरची आहे. मध्य पन्नासवर असतो. हे चौथीतल्या मुलालाही कळतं."

"लांबीचा मध्य पन्नासवर हाय, म्याडम. वजनाचा न्हाई. लाकूड हाय ते, कुठं फुगलंय, कुठं झिजलंय."

"फरक किती? अर्धा सेंटिमीटर!"

"मग अर्ध्या सेंटिमीटरचं खोटं लिवायचं का?"

मामांचं शिक्षण सातवी. लोणी काळभोरहून पहिल्या बसनं येत आणि माझ्याआधी दीड तास हजर असत. आवाज कधी चढवत नसत. खांद्यावरच्या पंच्यानं पट्टी पुसत शांतपणे बोलत, त्यानं माणूस जास्तच चिडतो. एकदा दोन्ही हातांत जर्नल्सचे गठ्ठे घेऊन मी प्रयोगशाळेचं जड दार खांद्यानं ढकलत होते, नेमकं बिजागरीच्या बाजूला. दार हलेना. मामा आतून म्हणाले, "म्याडम, शिकवता काय अन् ढकलता कुठं!" पोरं आठवडाभर हसत होती.

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. विभागप्रमुखांनी सांगून ठेवलं होतं, "बारावीची प्रॅक्टिकल नीट पार पडू द्या, मग तुमचं कायम करण्याचं पत्र पुढे पाठवतो." आणि घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की नोकरी कायम झाली नाही तर स्थळ तयार आहे. परीक्षा महिन्यावर आली, निम्मी जर्नल्स अपुरी. शेवटी मी मामांना लेखी आदेशच दिला : पट्ट्या टांगून पाहण्यात वेळ घालवू नये, मध्य ५० धरावा. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. "लेखी हाय, म्हंजी झालं," म्हणाले. त्या दिवसापासून ते निमूटपणे पट्ट्या देऊ लागले. जर्नल्स भराभर पुरी झाली आणि सगळ्यांची उत्तरं तंतोतंत जुळली. मला कोण अभिमान वाटला!

बाहेरून आलेले परीक्षक किडकिडीत अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. बारा उत्तरपत्रिका चाळून म्हणाले, "बाराच्या बारा अचूक? कमाल आहे." मग त्यांनी टेबलावरची एक पट्टी उचलली. ती पूर्वी कधीतरी पडून एका कोपऱ्याला टवका उडालेली होती. त्यांनी ती पन्नासवर टांगली. तिचं एक टोक खट्कन टेबलावर आपटलं.

"ही पन्नासवर राहतच नाही. मग पन्नासपासून अंतरं मोजून यांची उत्तरं जुळली कशी?"

सगळ्यांना कळलं कशी ते. उत्तर आधी ठरवून पोरांनी आकडे मागून भरले होते.

"यांना पन्नास धरायला कुणी सांगितलं?" परीक्षकांनी विचारलं. विभागप्रमुख शेजारीच उभे होते. माझा आदेश चार हातांवर, मामांच्या खिशात होता.

"म्या, सायब," मामा म्हणाले. "म्याडमनी टांगून द्या म्हनून सांगितलं व्हतं. म्याच घाई केली."

अर्ध्या सेंटिमीटरचं खोटं खपवून न घेणारा माणूस सगळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलला. मी नाही म्हणायला हवं होतं. मी टेबलाकडे बघत राहिले. परीक्षकांनी मुलांना पुन्हा प्रयोग करायला लावला, मामांना मेमो मिळाला आणि मार्चमध्ये मला कायम झाल्याचं पत्र.

मेमो मिळाला त्या दिवशी मी त्यांच्यावरच उखडले. लाज वाटली की मला राग येतो. "कुणी सांगितला होता नसता उपद्व्याप?"

"मेमो एकच, म्याडम, पर टांगला कुठं त्याला म्हत्त्व हाय. माझं रिटायर व्हायला आठ म्हैनं राह्यलं. म्या दोऱ्याला चिकटून बसलोय, तुमी पार टोकाला. तुमच्यावर पडला असता तर पट्टी उलटीच झाली असती." मग त्यांनी फास पुढे केला. "आता तुमी टांगा."

मी एम.एस्सी. फर्स्ट क्लास. विद्यार्थी असताना मीही पन्नासच धरला होता, हे तोवर मला आठवलंसुद्धा नव्हतं. टवका उडालेली ती पट्टी चौथ्या खेपेला स्थिर राहिली.

"मोठ्यानं सांगा."

"अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन," मी म्हणाले.

पुढचे आठ महिने त्यांनी मला सळो की पळो करून सोडलं. मी घड्याळाकडे पाहिलं की मेमोच्या उत्तराच्या प्रतीची घडी खिशातून बाहेर काढून दाखवत : "लेखी दिलंय, म्याडम." निरोपसमारंभात सगळं खरं सांगायचं असं ठरवून गेले आणि त्यांच्या वक्तशीरपणावर पाच मिनिटं बोलून बसले. मामा पहिल्या रांगेत बसून हसत होते. दोन वर्षांनी ते गावी वारले. मला पंधरा दिवसांनी कळलं.

पुढे मी विभागप्रमुख झाले तेव्हा त्यांची फाईल मागवली. मेमोचं उत्तर तोवर मी कधी उघडून वाचलंच नव्हतं. "चूक मान्य. यापुढे पट्टी टांगून पाहिल्याशिवाय कोणालाही देणार नाही, मग कोणीही सांगो." माझ्या आदेशाचा कागद मात्र फायलीत नव्हता. मी दोनदा शोधला. त्यांनी तो कुणाला दाखवलाच नव्हता.

उत्तराच्या खाली मी लिहिलं, "आदेश माझा होता," आणि सही केली.

"मॅडम, बंद फायलीत असं लिहिता येत नाही," क्लार्क म्हणाला. "आणि आता उपयोग काय त्याचा?"

उपयोग काहीच नव्हता. ते मोठ्यानं सांगायचं होतं, तेव्हाच.