कुलपातले कॉम्प्युटर

आमच्या हेडसरांइतकं कॉम्प्युटरवर प्रेम तो जन्माला घालणाऱ्यानेही केलं नसेल, आणि त्यांच्याइतकी त्याची धास्तीही कुणी घेतली नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या इंग्रजी शाळांच्या पाट्यांवर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द झळकायला लागला आणि सरांच्या जिवाची तगमग सुरू झाली. “आमच्या सिन्नरच्या पोरांनी काय जन्मभर खडूच उगाळायचा?” असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली आणि भर उन्हात एमआयडीसीतला एकेक कारखाना पालथा घातला. कारखानदारांनी चहा पाजून पाहिला, साहेब नाहीत म्हणून पाहिलं, शेवटी कंटाळून पाच कॉम्प्युटर दिले. टेम्पो फाटकात येताच सरांनी आरती ओवाळली, पाचही जणांना कुंकू लावलं, एका खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. आमच्या शाळेतली तंत्रज्ञानाची वाटचाल इथे संपली म्हणायला हरकत नाही.

किल्ली सरांच्या करदोट्याला असे. शिवणाच्या बाईंकडून त्यांनी झालरीचे फुलाफुलांचे अभ्रे शिवून घेतले होते. खंडेनवमीला खोली उघडायची, आम्ही शिक्षकांनी चपला बाहेर काढून आत जायचं, झेंडू वाहायचा, पेढा खायचा, की पुन्हा वर्षभर शांतता. धूळ, उंदीर आणि विद्यार्थी हे कॉम्प्युटरचे शत्रू, आणि त्यांतले उंदीर जरा बरे, असं त्यांचं मत होतं. मी एकदा धीर करून म्हटलं, “सर, पोरांना एकदा बटणं तरी दाबू द्या.” ते कळवळून म्हणाले, “अहो, दाबून दाबून अक्षरं पुसली जातात!”

पण शिकवायचं तर होतंच. सरांनी प्रत्येक पोराला पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढायला लावला. दर शनिवारी सर पाढे म्हटल्यासारखी अक्षरं पुकारत आणि पोरं पुठ्ठा बडवत. ‘एंटर!’ म्हटलं की शेजारच्या वर्गातले गुरुजी दचकत.

मग संस्थेच्या सचिवांचा निरोप आला: कॉम्प्युटर वापरात नसतील तर नाशिकच्या शाखेत हलवू. सरांचं जेवण तुटलं. तपासणीच्या दिवशी सचिवांनी स्वतः अभ्रा उचलला, कॉम्प्युटर सुरू केला आणि नववीतल्या एका मुलीला म्हणाले, “चल, नाव टाईप कर.” तिचा बाप आठवडे बाजारात मेथी विकायचा. कॉम्प्युटर ती पहिल्यांदाच बघत होती. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

“सर, खरोखरचं दाबू?” तिने विचारलं. सरांनी डोळे मिटून मान हलवली. आणि पोरीची बोटं जी धावली म्हणता! स्वतःचं नाव, बापाचं नाव, शाळेचं, गावाचं, सगळं खाली न बघता.

“कुठं शिकलीस गं?”

“पुठ्ठ्यावर.”

सचिव पोट धरून हसले आणि कॉम्प्युटर आमच्याकडेच राहिले. सरांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्या धारांतच ते म्हणाले, “बास बास, राहू दे आता, झिजेल.” सचिवांची जीप फाटकाबाहेर पडायच्या आत कुलूप लागलं. ती मुलगी दहावी होऊन गेली. त्या कॉम्प्युटरला तिचा हात पुन्हा लागला नाही. याबद्दल मला सरांचा राग येतो, अजून येतो.

काही वर्षांनी नवे कॉम्प्युटर मंजूर झाले, तेव्हा सर निवृत्तीला टेकले होते. जुने न्यायला भंगारवाला आला. सरांनी आपल्या हाताने अभ्रे काढले.

“गुरुजी, हे तर कोरं हाय! वापरलंच नाय का?” तो म्हणाला.

सर कीबोर्डवरून बोट फिरवत राहिले. एकेक अक्षर लखलखीत होतं. “पुसली जायला हवी होती हो ही,” ते मला हळूच म्हणाले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

कोपऱ्यातल्या कपाटात पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता. बोटं लागून लागून त्यांच्यावर एकही अक्षर धड उरलं नव्हतं. भंगारवाल्याने तोही उचलायला हात घातला, तर सरांनी तो काढून घेतला आणि छातीशी धरून घरी नेला.