रोम पाहून आलेले तात्या

माझे घरमालक तात्या कशालाही चांगलं म्हणत नसत. माणमधली त्यांची शेती आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या. त्या खोल्यांनाही ते नावंच ठेवत. पहिला विमानप्रवास करून आले तेव्हा म्हणाले, "पौडची एसटी बरी. निदान खिडकी उघडती."

जावयाच्या नोकरीमुळे लेक रोमला होती, तिच्याकडे जाऊन आले होते. रोम कसं वाटलं, याला "समदं पडलंय" एवढंच उत्तर मिळे. फक्त एका जुन्या चर्चचा विषय निघाला की तात्या खुर्ची पुढे ओढत. तिथं आधी रोमन लोकांची देवळं होती. देव गेले, देवळं ढासळली. पण चर्च बांधणाऱ्यांनी उभे राहिलेले खांब पाडले नाहीत, तसेच आपल्या भिंतीत घेतले. "हात लावून बघितला," तात्या सांगत. "खांब त्यांचा, भिंत ह्यांची. भांडान न्हाई."

गावात तेव्हा भैरोबाचं जुनं देऊळ पाडून सिमेंटचं बांधायचं ठरलं होतं. दगडी खांब पायाच्या भरावात जाणार होते. त्यातल्या एका खांबाला टेकून तात्यांचे वडील रोज संध्याकाळी बसत. बैठकीत तात्या उठले आणि म्हणाले, खांब नव्या भिंतीत घ्या.

सरपंच हसले. "तात्या, ते चर्च हाय."

"भिंतीला काय ठावं, आत कोन बसलंय?"

शेवटी भैरोबाला कौल लावला. फूल डावीकडचं पडलं, म्हणजे देवाचाच नकार. तात्या शांतपणे म्हणाले, "त्याला रोम कुनी दावलंय?"

मग ते ट्रॅक्टर घेऊन गेले, खांब उचलून आणले आणि मागं नव्या खोल्यांचं बांधकाम चाललं होतं, त्यांच्या भिंतीत बसवले. त्यातली एक खोली मी मागून घेतली. खांबाशेजारी मटण शिजवलं तर चालेल का, असं विचारलं.

"खांब हाय त्यो. देव तिकडं सिमेंटात हाय. आन् वाटीभर मला धाड."

बऱ्याच वर्षांनी तात्या वारले, त्या सकाळी त्यांच्या घरात माणसं मावेनात, म्हणून काहीजण माझ्या खोलीत बसले. सरपंच भिंतीला टेकले होते. पाठीला दगड गार लागला असावा. त्यांनी वळून हात फिरवला.

"ह्यो भैरोबाचा?"

मी हो म्हटलं. ते सावरून बसले, खांबाला डोकं टेकवलं. "म्हाताऱ्याचं आयकाया पायजे हुतं," म्हणाले.

याच एका वाक्यासाठी इतकी वर्षं थांबलेला माणूस शेजारच्या घरात आडवा पडला होता. मला रडू आवरेना.