थकून येणारं औषध

स्कॅन सेंटरमधला तो मुलगा रिसालीकडचा, आपला मराठीच, पण निम्मं बोलणं हिंदीत. हाडांच्या स्कॅनआधी टोचायच्या औषधाबद्दल तो पाहुण्यासारखं बोलायचा. "काकू, ते निघालं आहे. थकून येईल." ते किरणांचं औषध डब्यातल्या डब्यात आपोआप विरत जातं, साठवता येत नाही, हे मला त्यानंच समजावलं.

त्या आठवड्यात ते जिथं बनतं ती दूरची अणुभट्टी बंद होती, म्हणून औषध एकालाच पुरेल इतकं आलं. बाकावर दोघं होते. आमचे हे, कॅन्सर हाडांत उतरला का ते पाहायला आलेले, अन् उतई गावची एक तरुण बाई.

तो माझ्यासमोर येऊन बसला. "काकू, औषध त्या ताईले देऊन राहिलो. डॉक्टरसाहेबांनी ठरवलं."

"कावून? आमी पहिले आलो."

"तिचं ऑपरेशन स्कॅनवर अटकलं आहे. काकांच्या स्कॅनमध्ये काहीही निघालं, तरी इलाज आता तोच राहील."

"मग दुसरीकडून आण नं बाबा."

"भट्टीशिवाय, मशीनमधून न्यूट्रॉन काढून हे जवळपासच बनवता येते म्हणतात. पण अभी तो नहीं है, काकू."

औषध आलंच नाही असं खोटं सांगून त्याला सुटता आलं असतं. तो उठलासुद्धा नाही, मी भांडायची वाट पाहत बसला.

यांनी सगळं ऐकलं होतं. सुईसाठी वर केलेली बाही त्यांनी हळूहळू खाली केली, अन् मनगटाचं बटण लावायला हात माझ्यापुढे धरला.