पिठाच्या पोत्यातला खोका

वायसनच्या सायकलला घंटी नव्हती, ब्रेकही असून नसल्यासारखे. तरी दवाखान्यातल्या सिस्टर एलुबी पिवळा खोका त्याच्याशिवाय कुणाच्या हाती देत नसत. खोका पुठ्ठ्याचा, आत वापरलेल्या सुया. भरत आला की झाकण चिकटवायचं, खोका घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवायचा आणि वाटेत न थांबता जिल्ह्याच्या इस्पितळातल्या भट्टीवर पोचवायचा. यातलं न थांबणं तेवढं अवघड. आमच्याकडे माणूस सायकल चालवतो कमी आणि ख्यालीखुशाली विचारत उभा राहतो जास्त.

बादलीवर लाल खूण होती. बाजाराच्या वळणावरचे सायकलवाले ती लांबून ओळखत.

"बाजूला व्हा रे, रोगाची वरात आली. वायसनदादा, आज काय आणलंत? ताप की खोकला?"

तो हसून पुढे जाई. पण एका दुपारी जेवताना सासऱ्यानंच आपलं ताट त्याच्यापासून लांब सरकवलं. ते काही त्याला हसण्यावारी नेता आलं नाही.

पुढच्या खेपेला बादली घरी राहिली. खोका त्यानं मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पोत्यात घातला आणि तोंड सुतळीनं आवळलं. बघणाऱ्याला वाटावं, स्वारी गिरणीवरून आली. कुणी नाक धरलं नाही. वायसन शीळ घालत गेला, आणि मग दर खेपेला पोतंच नेऊ लागला.

अशाच एका पावसाळी सकाळी वाटेत मयत झालेलं घर लागलं. गेलेल्या म्हाताऱ्यानं वायसनला पंक्चर काढायला शिकवलं होतं. मयतघरापुढून जो सरळ निघून जातो, त्याला आमच्याकडे चेटक्या म्हणतात. वायसन उतरला, सायकल झाडाला टेकवली आणि पुरुषांत जाऊन घटकाभर बसला.

आता, आलेल्याचं ओझं त्यानं स्वतः उतरवायचं नसतं. आणि मयताला पीठ घेतल्याशिवाय कुणी येत नसतं. हे वायसनला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त आपलं पोतंही पिठाचंच दिसतंय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दोरिका उठली. पंचक्रोशीत मयत कुणाचंही असो, मोठ्या हंड्यात मक्याच्या पिठाचा घट्ट नसिमा घोटायचा चाटू तिच्याच हातात असे. "बघा गं, वायसनदादानं पीठ आणलंय. एरवी यांचा हात खिशातनं निघत नाही." असं म्हणत तिनं सायकलला बांधलेली दोरी सोडवली आणि पोत्याखाली तळवा घालून ते उचललं.

"दोरिकाबाई, ठेवा ते खाली..."

आतल्या खोक्याचा तळ पावसानं मऊ पडला होता. तिनं हात मागे घेतला. तळव्यावर रक्ताचा थेंब.

"पिठाला काटे कधीपासून यायला लागले, दादा?"

वायसननं खोका त्या घरातून मागून घेतलेल्या बादलीत बंद केला, बादली पुढे बांधली, दोरिकाला मागे बसवलं आणि इस्पितळ गाठलं. महिनाभर गोळ्या झाल्या. रक्त तपासलं, काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. काही निघालं नाही.

पण चाटू तिच्या हातून गेला. "तू दमली असशील," बायका म्हणायच्या आणि तिला लाकडं आणायला पाठवायच्या.

वायसन पुन्हा बादली नेऊ लागला, लाल खूण रस्त्याकडे करून. परतताना, हात धुऊन, तो दोरिकाच्या अंगणात रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला ऐकू जाईल असा नसिमा मागायचा. लोक बघत. "या, बसा," असं तो म्हणाला की त्यांना नेमकं कुठेतरी जायचं असे.

यंदा सासरा गेला. हंडा चढला तसा वायसन बायकांच्या घोळक्यापुढे उभा राहिला. "चूक माझी होती. तपासणी चांगली आली. चाटू दोरिकाबाईंना द्या."

"माहीत आहे रे बाळा," त्याची चुलत सासू मायेनं म्हणाली. "तिला काही नाही. बसू दे तिला आज." आणि चाटू शेजारणीच्या हातात दिला.

लाकडांची मोळी घेऊन दोरिका त्याच्या बाजूनं गेली. "बस आता, दादा. आज तरी खरं पीठ आणलंस का?"

आणलं होतं. नव्या कोऱ्या पोत्यात, सकाळीच. सूर्य डोक्यावर आला तरी ते सायकललाच बांधलेलं होतं. उतरवायला कुणी उठलं नव्हतं.