भिजवलेला दोर

आबांनी आयुष्यात दोर विकत घेतला नव्हता, आणि जो विकत घेई त्याला ते माणसांत धरत नसत. बाजारातून कुणी नायलॉनचं वेटोळं खांद्यावर टाकून निघालेला दिसला की ओट्यावरूनच हाक जायची, "घरात कुणाला हातं न्हाईत का रे?" आबा माझे सख्खे चुलते. ताडकळसच्या बाजारापासून जवळच आमचं गाव. तिथं पाठीमागे त्यांना सगळे सुंभआबा म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या काकूची, आणि ती पुढची म्हणही पुरी करायची, "सुंभ जळंल, पण पीळ काई जायचा न्हाई."

बांधाच्या कडेला ते अंबाडी लावत, ती नाल्यात कुजवत आणि तिच्या सालीचा वाख काढून मांडीवर दोर वळत बसत. हात चालू असले की तोंडही चालायचं. पोळ्याच्या आधी त्यांच्या ओट्यावर गर्दी असे, कुणाला कासरा हवा, कुणाला बैलाच्या तोंडाला बांधायची मोरकी. दोर देताना ते एकच गोष्ट बजावत: "आधी भिजीव, मंग बांध. कोरडा दोर कामाला घिऊ नको, दगा देतो." बैलाच्या बाबतीत हे खरंच होतं. अंबाडीचा दोर भिजला की फुगतो, घट्ट होतो. माझी तक्रार बैलाबद्दल नाहीच.

मग गावात ट्रॅक्टर आले. बैल एकेक करून बाजारात गेले, आमचेही गेले. पोळ्याला ओट्यावर कुणी येईना. आबांचं दोर वळणं मात्र थांबलं नाही. वळलेले दोर आढ्याला टांगलेले असत आणि त्यांना बांधायला जनावर उरलं नव्हतं. त्याच साली आम्ही दोघांत मिळून पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप घेतला, आणि माझ्या नशिबाचे भोग सुरू झाले.

पंप सुरू करायला मूठ धरून दोरी ओढायची असते. आत चाकी फिरते, इंजिन धरतं आणि स्प्रिंग दोरी परत आत घेते. एवढाच खेळ. पण पहिल्या हंगामातच ती दोरी तुटली आणि मी मेकॅनिककडे निघेपर्यंत आबांनी पंप उघडून अंगणात मांडला होता. "दोरासाठी मेकॅनिक? लोकं तोंडात शेण घालतेल माज्या!" मुठीच्या भोकातून अंबाडीचा दोर जाईना, तर सळई तापवून त्यांनी भोक मोठं केलं. मधेच स्प्रिंग उसळली ती थेट काकूच्या परातीत. काकूने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आबांनी ती स्प्रिंग पिठासकट उचलली आणि उलटी गुंडाळून बसवली.

झालं, ओढलेली दोरी आत जाईना. जिभेसारखी बाहेर लोंबत राहिली. मी म्हणालो, "आबा, ती परत आत जायला पाहिजे." आबा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "कामून जायला पाहिजे? बैल सोडला की कासरा सोताहून गुंडाळतो का?"

स्प्रिंग मी सुलटी केली. मग दुसरं दुखणं निघालं. मी दोर उन्हात वाळवून पंप ठेवायचो आणि आबा पहाटे येऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. भिजला की दोर फुगायचा, चाकीच्या खाचेत गच्च बसायचा आणि हिसडा दिला की खांद्यातून कळ निघायची. मी सांगून बेजार झालो. "आबा, हे बैल न्हाई, मशीन आहे." त्यावर उत्तर ठरलेलं: "तुला वढता येईना, ते सांग की." चूक पेट्रोलची असे, पंपाची असे, माझ्या मनगटाची असे, दोराची कधीच नसे. त्यांच्यापुढे डोकं फोडण्यापेक्षा भिंतीपुढे फोडलेलं बरं, असं मला वाटायचं.

आणि मग तुरीचा तो दिवस आला. तूर फुलात होती, आभाळ भरून आलेलं, आणि शेंड्याशेंड्याला अळी दिसायला लागली होती. त्या वर्षी सोयाबीन पाण्याने गेलेलं; घरात जे काही यायचं होतं ते या तुरीतूनच. गावात सगळ्यांचीच फवारणी चालू, त्यामुळे कुणाचा पंप मोकळा नव्हता. मी ड्रममध्ये औषध कालवलं, पंप पाठीला लावायच्या आधी मूठ ओढली, आणि दोर जागचा हलेना. चाकीवर बोट ठेवलं तर ओलं लागलं. मी जोर लावला तेव्हा आतली स्प्रिंग कटकन सुटली आणि दोर तुटून हातात आला.

मी ओरडलो. चुलत्याशी बोलू नये तसं बोललो. "तुमच्या दोराला आग लावा आता! तूर अळीच्या तोंडात घातली तुमी!" उपरणं झटकून आबा रस्त्याकडे चालू लागले. रुसले, रुसू देत, असं म्हणत मी स्प्रिंगशी झटापट करत बसलो.

दुपार कलायच्या आत ते परत आले. इकडेतिकडे पाहत त्यांनी धोतराच्या सोग्यातून कागदाची पुडी काढली. आत नायलॉनची, पंपाच्या मापाची, नवीकोरी दोरी होती. ताडकळसला जाऊन आणलेली. "धर," ते म्हणाले. "कुणाला सांगू नको." एवढं बोलून ते खाली मान घालून बसले. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही.

मी चाकी फिरवून स्प्रिंगला ताण दिला आणि दोरी ओवली, पण मुठीत गाठ थांबेना. भोक आबांनीच मोठं करून ठेवलेलं! मी गाठ मारावी आणि ओढताच ती भोकातून सुळ्ळकन निसटावी. शेवटी त्यांनी दोरी माझ्या हातातून काढून घेतली, "आण इकडं, खामखा वढायलाय," म्हणत बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली. मूठ ओढली, पंप धरला. दिवस बुडेपर्यंत आम्ही आलटून पालटून फवारलं. तूर वाचली.

दुसऱ्या दिवशी आबा पूर्वपदावर होते. नायलॉनवर तांब्याभर पाणी ओतताना मीच त्यांना पकडलं.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. आढ्याचे दोर अजून तसेच टांगलेले आहेत, काकू कुणाला हात लावू देत नाही.

यंदा तूर फुलात आली आणि पंपाची दोरी झिजून तुटली. आबांची गाठ मात्र मुठीत तशीच होती. नखांनी सुटली नाही, शेवटी कापून काढली. मी नवीन दोरी ओवली, गाठ मारली, ओढली. गाठ निसटली, मूठ माझ्या हातात आणि दोरी सर्रकन आत. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा तेच झालं. डोकं असं फिरलं की मी पाना अंगणात आपटला आणि ओट्याकडे तोंड करून ओरडलो, "आबा, या की हिकडं! भोक तुमीच केलंय हे!"

ओट्यावर काकू तूरडाळ निवडत होती. तिचे हात थांबले. मला माझं तोंड कुठे लपवावं कळेना.

डाळ बाजूला सारून तिने विचारलं, "भिजिवला का दोर?"

नायलॉनला पाण्याचा काडीचा उपयोग नसतो. मी तांब्या भरून आणला आणि दोर भिजवला.